गाळणीचं वाण

"हे काय आहे?" कोलीननं विचारलं.

तिच्या हातात माझी चहाची गाळणी होती. चांगली स्टीलची, लांब दांड्याची, सांगलीहून मागवलेली.

"टी," मी म्हणाले आणि कपावर गाळणी धरल्यासारखं करून दाखवलं. माझं इंग्रजी तेवढंच होतं. आजही फार पुढं गेलेलं नाही.

"ते कळलं. दांड्याला हे काय बांधलंय?"

दांड्याला माझ्या सुनेचा फोटो होता. म्हणजे तिच्या प्रचाराचं पत्रक. सुरळी करून, लाल दोऱ्यानं बांधलेलं. असे गाळण्यांचे ढीगच्या ढीग दिवाणखान्यात रचून ठेवले होते आणि त्या ढिगांकडं बघून कोलीन मटकन सोफ्यावर बसली. बाई अंगानं थोराड, सोफा कुरकुरला.

"वाय!" तिनं हाक मारली. माझ्या सुनेचं नाव वैजयंती. आम्ही वैजू म्हणतो, तिथल्या लोकांना तेवढंही जड जायचं म्हणून ती 'वाय' झाली होती. "वाय, तुझ्या सासूनं आपल्याला बुडवलं!"

आता माझी सून ओटावाच्या संसदेत बसते. चार निवडणुका लढली. तीन जिंकली, एकदा पडली, पडल्यावर महिनाभर घरात कुणाशी बोलली नाही आणि पुन्हा उभी राहून निवडून आली. तिच्यावर पेपरात लिहून येतं की बाई भाषण फार चांगलं करते. करते की. पण पहिलं तिकीट तिला भाषणानं मिळालं असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. त्या दिवशी घरात कोण होतं? मी होते.

तर तिकिटाचं आधी सांगते. आपल्याकडं तिकीट वरून येतं. साहेबांच्या बंगल्यावर हेलपाटे घालायचे, हार न्यायचे, मग यादीत नाव. माझे मालक सरपंच होते, त्यांच्या मागं मी हे सगळं पाहिलेलं. कॅनडात तसं नाही. तिथं पक्षाचे त्या गावातले सभासद एका सभागृहात जमतात आणि आपल्या पक्षातर्फे कोण उभं राहणार ते मतं टाकून ठरवतात. म्हणजे खऱ्या निवडणुकीआधी घरातल्या घरात एक निवडणूक. आमच्या हार्लन मिल्स गावात ती सभा संक्रांतीनंतरच्या रविवारी होती. वैजूच्या विरुद्ध ग्लेन प्रिचर्ड. नगरपालिकेत कितीतरी वर्षं निवडून येणारा, गावातल्या कुत्र्यांनासुद्धा नावानं ओळखणारा माणूस. वैजूच्या बाजूनं कोण? तिची नोकरीतली माणसं, माझा मुलगा प्रताप आणि मराठी मंडळाच्या बायका. बायका बऱ्याच होत्या, सगळ्या पक्षाच्या सभासद करून घेतलेल्या, पण रविवारच्या बर्फात त्या घराबाहेर पडतील की नाही याचा भरवसा नव्हता. म्हणून मी संक्रांतीचं हळदीकुंकू काढलं होतं. दरवर्षी असायचंच. यंदा जरा मोठं.

"आत्या, हे तुम्ही मला विचारून तरी करायचं," वैजू म्हणाली. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात.

"वाण काय द्यायचं ते सुनेला विचारायची वेळ अजून माझ्यावर आलेली नाही."

"वाणाचं नाही हो. पत्रकाचं. मतासाठी वस्तू वाटली म्हणतील. उमेदवारी रद्द होईल माझी."

"गाळणीला कोण मत विकतं? आमच्या गावात साड्या वाटल्या तरी बायका साडी एकाची नेसायच्या आणि शिक्का दुसऱ्यावर मारायच्या."

प्रतापनं हे कोलीनला इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं आणि वैजूनं डोळे वटारताच मिटलं.

कोलीन ही वैजूची प्रचारप्रमुख. डोक्यावर विणलेली लाल टोपी, ती घरातसुद्धा काढायची नाही. ती जमिनीवर बसली आणि एकेका गाळणीचा दोरा कात्रीनं कापायला लागली. कापता कापता तिनं नियम सांगितले, प्रताप मला मराठीत सांगत होता. उमेदवारानं कुणाला काहीही द्यायचं नाही. गाळणी नाही, गोळी नाही, लाडू नाही. उमेदवार त्या वेळी घरातसुद्धा नको. आणि मताचं, सभेचं, रविवारचं कुणी अवाक्षर काढायचं नाही. एवढं पाळणार असाल तर तुमचा सण करा, नाहीतर रद्द करा.

"रद्द?" मी म्हणाले. "आमंत्रण दिलेल्या सवाष्णींना दारातून माघारी पाठवू? मग त्या रविवारी येतील होय?"

"मग वाय सोडून दुसऱ्या कुणीतरी यजमानीण व्हावं," कोलीन म्हणाली. तिनं माझ्याकडं बोट केलं. "या आहेत की."

वैजूनं प्रतापकडं बघितलं.

"आत्यांना चालत नाही," वैजू हळूच म्हणाली.

"का?"

प्रतापनं सांगितलं. हळदीकुंकू सवाष्णीनं द्यायचं, सवाष्णीनं घ्यायचं. आईचा नवरा वारला आहे.

कोलीननं कात्री खाली ठेवली. "म्हणजे नवरा वारला म्हणून त्यांना कुणाला चहाची गाळणी देता येत नाही?"

आता मी खोटं कशाला बोलू, इंग्रजीत ते फारच येडपट वाटलं. मराठीत कधी वाटलं नव्हतं. आमचे हे गेल्यापासून दर संक्रांतीला मी स्वयंपाकघरात दूध आटवायची आणि तिथूनच हुकूम सोडायची. हिला अत्तर लाव, तिला तिळगूळ दे. दिवाणखान्याच्या उंबऱ्यापुढं पाय टाकायची नाही. कुणी सांगितलं नव्हतं. मीच आरोपी आणि मीच फौजदार.

"करंडा आण इकडं," मी वैजूला म्हणाले.

"आत्या, राहू दे. आपण रद्द करू. फोन करून सांगते मी सगळ्यांना."

"करंडा आण. आणि अंगावर कोट चढवून बाहेर नीघ. चार वाजता तू मला या घरात दिसायची नाहीस."

"आई, गावाकडं कळलं तर?" प्रताप म्हणाला.

"तिकीट कुणाला पाहिजे, गावाला का आपल्याला?"

वैजू करंडा घेऊन आली. माझ्या हातात देताना काहीतरी बोलणार होती, पण मी तिला बोलू दिलं नाही. बोलली असती तर रडली असती, आणि रडकं तोंड घेऊन प्रचाराला जायचं नसतं.

ती गेल्यावर मात्र खरी अडचण माझ्या ध्यानात आली. मी द्यायला तयार, पण घेणार कोण? मंडळाच्या बायका शिकलेल्या, बँकेत नि दवाखान्यात नोकरी करणाऱ्या. बोलायला सगळ्या पुढं. पण खुर्चीत बसून कपाळ पुढं करायची वेळ आली की एकमेकींच्या तोंडाकडं बघतील. पहिलीच बाई अशी पाहिजे की जिच्या मागं बाकीच्या आपोआप येतील.

अशी गावात एकच होती. विजयाताई ओगले. सगळ्या बायकांच्या पोरांना शनिवारच्या शाळेत मराठी शिकवायच्या, त्यामुळं पोरांपेक्षा आयाच त्यांना जास्त भ्यायच्या. त्यांचं आणि माझं हाडवैर. माझं बोलणं त्या चारचौघांत सुधारायच्या. गणपतीत माझ्या पुरणपोळ्यांना 'भरघोस' म्हणाल्या होत्या, आणि ते कौतुक नव्हतं. शिवाय त्या प्रिचर्डच्या बाजूच्या, हे जगजाहीर.

आणि गेल्या उन्हाळ्यात ओगलेसाहेब अंगणातलं गवत कापता कापता गेले होते. तेव्हापासून विजयाताई कुठल्या हळदीकुंकवाला दिसल्या नव्हत्या. दिसणार कशा? बोलावणार कोण? मीही यंदा त्यांचं नाव यादीतून वगळलं होतं. मुद्दाम.

मी फोन लावला.

"ओगलेबाई, आज चार वाजता हळदीकुंकवाला या."

मंडळात मला सगळ्या आक्का म्हणतात. "आक्का, फोन चुकून लागला का?"

"डोळे गेलेत माझे, पण नंबर बरोबर दाबलाय."

"मला कोण लावणार कुंकू?"

"मी."

"आणि तुम्हाला?"

"तुम्ही लावा. का, तेवढं व्याकरण येत नाही का तुम्हाला?"

मग त्या म्हणाल्या, "हे सुनेच्या मतांसाठी चाललंय ना?"

"मतांचं नाव काढायचं नाही असा इथला कायदा आहे. पहारा बसवलाय त्यासाठी."

"माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या."

"हो, मतांसाठी चाललंय," मी म्हणाले. "येता का नाही ते बोला. दूध उतू जातंय माझं."

त्यांनी फोन ठेवून दिला. येते म्हणाल्या नाहीत, येत नाहीही म्हणाल्या नाहीत.

चारच्या सुमारास बायका यायला लागल्या. त्या देशात हळदीकुंकू म्हणजे दारात बुटांचा डोंगर. वर काठापदराच्या साड्या, नथी, हलव्याचे दागिने आणि खाली जाडजूड लोकरी मोजे. कोलीन कोपऱ्यात पहाऱ्याला. तिच्या हातात कुणीतरी तिळाचा लाडू दिला होता. तो तिच्या दाढेत बसला होता आणि ती तोंड न उघडता सगळ्यांकडं बघून हसत होती.

"वैजू कुठंय आक्का?" जान्हवी टिकेकरनं विचारलं. ही मंडळाची चिटणीस, जिभेला हाड नसलेली.

"बाहेर गेलीय."

"आज? आणि मग हळदीकुंकू...?"

तिचं लक्ष माझ्या हातातल्या करंड्याकडं गेलं आणि वाक्य तिथंच थांबलं. मागच्या बायकाही थांबल्या. कुणी खिडकीतून बर्फ बघायला लागली, कुणी मोज्याला पडलेलं भोक. दोघी-तिघी दारातल्या बुटांकडंच बघत होत्या, पायात घालायला किती वेळ लागेल याचा हिशेब करत असाव्यात.

मी ताठ उभी होते. करंडा तसाच पुढं धरून.

"रविवारी सभेला किती वाजता..." जान्हवीनं काहीतरी बोलायचं म्हणून सुरुवात केली.

"लाडू खा," मी म्हणाले.

"नाही, म्हणजे गाडीतून एकत्र..."

"दोन खा!"

कोपऱ्यातून कोलीननं भुवया वर केल्या. तिला मराठी कळत नव्हतं, पण माझा आवाज कळला.

तेवढ्यात दार उघडलं. विजयाताई ओगले. राखाडी रंगाची रेशमी साडी, वर पुरुषी कोट. ओगलेसाहेबांचा असावा, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. त्यांनी सावकाश बूट काढले, जोडीनं नीट लावून ठेवले, बायकांमधून सरळ चालत आल्या आणि मधल्या खुर्चीत बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या.

मी हळदीत बोट बुडवलं, मग कुंकवात. त्यांच्या कपाळावर टेकवलं. इतक्या वर्षांनी बोटाला कुंकवाचा तो मऊपणा लागला. किती मऊ असतं ते मी विसरूनच गेले होते.

"वाकडं लागलं," त्या म्हणाल्या. आरसा समोर नसताना.

"कपाळच तसलं."

कुणीतरी फिसकन हसलं. विजयाताई उठल्या, माझ्या हातातून करंडा घेतला आणि मला खुर्चीकडं बोट दाखवलं, वर्गात पोराला दाखवावं तसं. मी बसले. त्यांनी मला कुंकू लावलं. त्यांचा हात गार होता, बाहेरून आल्यामुळं. मग त्यांनी वळून बाकीच्यांना विचारलं, "तुम्हाला काय वेगळं आमंत्रण पाहिजे का गं?"

पाहता पाहता रांग लागली. जान्हवी सगळ्यांत पुढं. एक जण उखाणा घेऊ लागली, दुसरीनं तो हाणून पाडला. दूध संपलं, पुन्हा आटवलं. प्रत्येकीला एक गाळणी गेली, बिनफोटोची. मत हा शब्द कुणी काढला नाही. कोलीनसुद्धा एक गाळणी घेऊन गेली. नंतर कळलं, ती तिनं धुतलेल्या पालेभाज्या निथळायला वापरली.

रविवारी शाळेच्या व्यायामशाळेत सभा होती. खुर्च्या मांडलेल्या, वर बास्केटबॉलची जाळी. आमच्या बायका आल्या होत्या. बर्फ पडत होता तरी आल्या होत्या. मी मनातल्या मनात माणसं मोजत होते नि आमची बाजू जड दिसत होती. आधी प्रिचर्ड बोलला, मग वैजू बोलली. दोघंही चांगलं बोलले म्हणे. मला दोन्हींतलं काही कळलं नाही, टाळ्यांचा आवाज तेवढा मी तोलून बघत होते.

मतदान सुरू होणार, एवढ्यात प्रिचर्डच्या बाजूचा एक लाल टायवाला उठला. त्यानं हात वर केला. त्याच्या हातात माझी गाळणी होती.

कुणाच्या घरून त्याच्याकडं पोचली ते मला माहीत आहे. पण ती बाई आता माझ्या शेजारी राहते, त्यामुळं राहू दे.

"काय म्हणतोय तो?" मी प्रतापला विचारलं.

"म्हणतोय, उमेदवाराच्या घरी सभासदांना भेटवस्तू वाटल्या. मतं विकत घेतली. नाव मतपत्रिकेवरून काढा."

सभागृहात कुजबूज झाली. वैजू व्यासपीठावर बसली होती, तिचा चेहरा कागदासारखा झाला. सभेचा अध्यक्ष, उंच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, गाळणी हातात घेऊन फिरवून फिरवून बघायला लागला. ही वस्तू कशासाठी असते तेच त्याला उमजत नव्हतं. त्यानं ती डोळ्यालासुद्धा लावून बघितली.

मी उठले. कोलीननं माझा पदर धरून मला खाली बसवलं. "तुम्ही एक शब्द बोललात की आपण संपलो," ती म्हणाली. हे मात्र मला बरोबर कळलं.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. विजयाताई ओगले उभ्या राहिल्या. त्या प्रिचर्डच्या, हे मी विसरले नव्हते. एका शब्दात आमचा निकाल लावू शकत होत्या. खरं ते सांगितलं तरी पुरे होतं. फोनवर मी त्यांना स्पष्ट सांगितलेलं की हे मतांसाठी चाललंय.

त्या इंग्रजीत बोलायला लागल्या. खणखणीत, एकेक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखा. प्रताप माझ्या कानात सांगत होता.

"तिथं मी होते. ही वस्तू मलाही मिळाली. ही चहाची गाळणी आहे, डोळ्याला लावू नका."

लोक हसले.

"उमेदवार तिथं नव्हत्या. मतांबद्दल तिथं एक शब्द निघाला नाही. कुणी काढलाच तर त्याला लाडू खायला लावत होते. ही भेट आमच्याकडं दर संक्रांतीला बायका बायकांना देतात." त्या जरा थांबल्या. "यंदा मला ती मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मिळाली. आणि मी मत मिस्टर प्रिचर्ड यांना देणार आहे. माझ्या मराठी शाळेला कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा त्यांनी खोली मिळवून दिली. माझं मत गाळणीनं विकत घेता आलं असतं, तर त्यांना ते आज मिळालं नसतं. आता मतदान सुरू करा, बाहेर बर्फ वाढतोय."

आणि बसल्या.

सगळ्यात आधी टाळी वाजवली ती प्रिचर्डनंच. मग सगळं सभागृह. लाल टायवाला खाली बसला तो टाय सारखा करत. अध्यक्षांनी तक्रार फेटाळली आणि गाळणी खिशात ठेवली, माझी मला परत मिळाली नाही ती नाहीच.

वैजू जिंकली. निसटती, पण जिंकली. लोकांनी तिला उचललंच असतं, पण ती आधी माझ्याकडं आली. मी म्हटलं, "आधी प्रिचर्डला हात मिळव जा. पुढची निवडणूक त्याच्या माणसांशिवाय निघायची नाही." ती गेली. ते तिनं ऐकलं म्हणून वसंतात ती खासदार झाली.

बाहेर गाड्यांच्या तळावर सगळा बर्फ गोठून काच झाला होता. मी एकेक पाऊल टाकत चालले होते. कुणीतरी माझा दंड धरला. विजयाताई होत्या, त्याच मोठ्या कोटात.

"ओगलेबाई," मी म्हणाले, "एक मत आमच्याकडं टाकलं असतंत तर बोटं झडली असती का तुमची?"

"आणि तुम्ही मतांची गरज नसताना मला बोलावलं असतंत तर?"

मी त्यांचा दंड घट्ट धरला. आम्ही एकमेकींना धरून तशाच चालत राहिलो. एक घसरली असती तर दुसरी आपोआपच गेली असती.

आम्ही त्यांच्या गाडीपाशी पोचलो. किल्ली हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बोलावणार आहात का?"

"मत देणार का?"

"शक्यच नाही."

"मग सगळ्यांच्या आधी या," मी म्हणाले. "तुम्ही आल्याशिवाय मी कपाळ घेऊन कुणापुढं बसू?"